बिनट्यूबचं चाक

सायकलची ट्यूब पाण्याच्या टबात दाबून ती हळूहळू फिरवत होती. वाल्वपासून वीतभर अंतरावर बुडबुड्यांची माळ वर आली. तिनं तिथं बोट ठेवलं.

"सापडलं," ती म्हणाली. "नेहमीसारखं बारीक. काटाच असणार."

"काटाच असणार," वेधशाळेतला माणूस म्हणाला आणि बाकावर जरा सैलावून बसला.

टेकडीवरच्या वेधशाळेत तो वाऱ्यापावसाच्या नोंदी ठेवायचा आणि सुट्टीच्या दिवशी सायकलनं खाली उतरायचा. जाडजूड टायरची, डोंगरात चालवायची सायकल. पण दर वेळी पुढचं चाक पंक्चर होऊन बसायचं, आणि गावात दुरुस्तीचं दुकान हे एकच. दाराशी खुर्ची टाकून लसूण सोलणाऱ्या तिच्या आईनं त्याचं नाव 'पंक्चरवाले' ठेवलं होतं.

"एवढ्या लांबून ढकलत आणतात," आई म्हणायची, "पण कपाळावर घामाचा थेंब नाही. तब्येत चांगली आहे हो."

ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. लग्न तिनं एकदा करून, मोडून, आवरून ठेवलं होतं. त्यानंतर वडिलांचं दुकान हातात घेतलं, आणि हात कायम काळे असले की माणसं फार प्रश्न विचारत नाहीत हे तिला कळलं. हा माणूस मात्र विचारायचा. ही पक्कड वाकडी का, तो चाकाचा आरा ढिला कशानं. मग तो ढगांबद्दल सांगायचा. एका ठिगळाला सकाळ पुरायची नाही.

आता ट्यूबवर ठिगळाला जागाच उरली नव्हती. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर तिनं हे कधीच सांगून टाकलं असतं. याच्यापाशी ती महिनोन्महिने गप्प बसली होती, आणि ते तिला आतून टोचत होतं.

"तुम्ही ट्यूबलेस करून घ्या," ती एकदाची म्हणाली.

"म्हणजे?"

"ट्यूबच काढून टाकायची. रिमला आतून पट्टी लावायची, टायरमध्ये हे रबराच्या चिकाचं पांढरं दूध घालायचं. काटा घुसला की दूध भोकाशी धावतं आणि तिथंच घट्ट होतं. हवाही थोडी कमी ठेवता येते. खडीवर चाक उडत नाही, चढाला घसरत नाही."

"आणि पंक्चर?"

"विसरा."

"कधीच नाही?"

"मोठं भोक पडलं तरच. अधूनमधून दूध तेवढं घालायचं, ते तुम्ही घरीसुद्धा घालू शकता." हे शेवटचं बोलल्यावर तिला स्वतःची जीभ चावावीशी वाटली.

डॉक्टरनं वाईट बातमी द्यावी तसा त्याचा चेहरा उतरला. टिकेल की नाही अशी शंका आली असेल, असं तिला वाटलं.

"विश्वास बसत नसेल तर राहू द्या," ती म्हणाली. मनात म्हणत होती, राहूच द्या. पण आवाज फणकाऱ्याचा निघाला.

"छे, छे. तुमच्या कामावर कसला अविश्वास," तो घाईघाईनं म्हणाला. "बसवा."

मग तिनं बसवलं. मन नाराज होतं, पण हातांना वाईट काम येत नव्हतं. रिम पुसून आरशासारखी केली. पट्टी एकही चुणी न पडता ओढून लावली. दूध ओतलं, जोरात हवा भरली, आणि टायर रिमच्या खाचेत फाट-फाट करत बसलं. इतकं सुरेख चाक तिनं आजवर बसवलं नव्हतं. त्यानं ते फिरवून पाहिलं आणि "छान झालंय" म्हणाला. कुणी गेल्यावर घरी भेटायला आलेले लोक "फार त्रास नाही ना झाला त्यांना" म्हणतात, त्या आवाजात.

पुढच्या सुट्टीला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिनं दुकानातले सगळे पाने मापाप्रमाणे लावले, मग उलट्या क्रमानं लावले.

"चाकातली ट्यूब काढलीस ते ठीक," आई म्हणाली. "पण तुझी कधी पेटायची?"

"आई, लसूण सोल."

आणखी एक सुट्टी कोरडी गेली. त्यानंतरच्या सुट्टीला सायकल दारात थांबली. या खेपेला तो चालवत आला होता, आणि कपाळ घामानं निथळत होतं.

"तक्रार आहे," तो म्हणाला.

तिनं पुढचं चाक पाहिलं. टायरचं साळिंदर झालं होतं. टाचण्या, चुका, बारीक खिळे, सगळे रबराच्या दाण्यांच्या मधोमध, सरळ, ओळीत. तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं. चाक टणक. पकडीनं एक खिळा उपटला. हवा सुस्कारली, दुधाचा थेंब वर आला, आणि भोक गप्प झालं.

"हे रस्त्यावरचे नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत. काट्याच्या झुडपातून नेऊन पाहिली. दगडांवरून उतरवली. चाक बसतच नाही. शेवटी घरची हातोडी घेतली."

आईची सुरी थांबली.

"एवढ्या चांगल्या चाकात खिळे ठोकलेत?" तिला आधी कामाच्या नासाडीचाच राग आला. "कशासाठी?"

तो तिच्याकडे न बघता रिकाम्या बाकाकडे बघत राहिला.

"आधीच्या चाकाला एक टाचणी पुरायची," तो म्हणाला. "इथं कोपऱ्यावर येऊन टोचायचो."