दुसरी आई

दुधाच्या भांड्यावरचं झाकण खडखडलं, तशी सुनेत्रा भानावर आली. सात वर्षांची चार्वी मस्कतच्या शाळेचा गृहपाठ अनुवादयंत्राला विचारत होती. इंग्रजी ‘टेक’ला अरबीत औषध घेताना ‘तनावल’, फोटो काढताना ‘इल्तकत’ म्हणायचं, हे यंत्राला कंपनीसाठी सुनेत्रानेच शिकवलं होतं. स्वतःच्या आवाजात, तान्ही चार्वी झोपली की. आता त्याच आवाजात ते लेकीला दहाव्यांदा समजावत होतं, तितक्याच मायेनं.

“आण ते इकडे, मी सांगते,” सुनेत्रा जळफळून म्हणाली.

“नको! दुसऱ्यांदा विचारलं की तू ओरडतेस.” चार्वीने यंत्र छातीशी धरलं. “ही आई ओरडत नाही. हिला तूच शिकवलंस ना? मग तुला का नाही येत तसं न ओरडता सांगायला?”