झाकण

पूर्व जर्मनीतलं येना, १९६४. पुरातत्त्वाच्या उद्याच्या तोंडी परीक्षेची उजळणी दिनकर बायकोला ऐकवत होता.

“चीनमधल्या शिआन शहराचं मूळ शोधत गेलं, की सहा हजार वर्षांपूर्वीचं एक खेडं लागतं. तिथे मोठी माणसं गेली की गावाबाहेर पुरायचे. तान्ही मुलं मात्र रांजणात ठेवून घराशेजारीच.”

पुण्याला परतायची ट्रंक भरता भरता सुलेखा थांबली.

“रांजणाला झाकण?”

“हो. पण त्याला मुद्दाम भोक पाडलेलं. जिवाला ये-जा करता यावी म्हणून, असं आम्ही मानतो.”

“आईकडे?”

“असेल.”

तिने हातातल्या झबल्याची घडी मोडली, पुन्हा घातली.

“अहो, इथे आपल्या शुभाच्या पेटीला खिळे ठोकले, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?”