पडलेला ग्रंथ

“तुझ्या साखरपुड्याला पाहुणे येऊन बसलेत आणि बाईसाहेब पुस्तकात डोकं खुपसून बसल्यात! ऊठ!”

“वर्षाचा अभ्यास पुरा केल्याशिवाय येणार नाही, दादा,” सिप्पोरा म्हणाली.

जेरुसलेमच्या त्या अध्ययनगृहात, जोडीने शिकणाऱ्या मैत्रिणीसमोर, दादाने तिला वेणीला धरून बाकावरून खाली ओढलं. कपाळ फुटलं. तिच्या हातातला तालमूद हा यहुदी धर्मग्रंथही फरशीवर आपटला.

तो मात्र दादाने लगबगीने उचलला, लहानपणी शिकवल्याप्रमाणे त्याला ओठ टेकवले, मेजावर अलगद ठेवला आणि वळून तिच्या पोटात लाथ घातली.

“दादा,” रक्त पुसत ती हळूच म्हणाली, “ग्रंथ उचललास, तसं मलाही उचल ना.”

पुन्हा उगारलेला दादाचा पाय हवेतच थांबला. त्याने हात पुढे केला.

तो न धरता ती बाकाच्या आधाराने उठली आणि मैत्रिणीला म्हणाली, “चल, पुढचं वाच.”