परका ड्रायव्हर

“रेल्वेनं कोण हिंडतंय तिकडं? आपण काय भिकारी हाय काय?” पूर्णिमाच्या नवऱ्यानं, विजयसिंहनं, ट्रॅव्हल्सवाल्याचा कागद ताटाशेजारी आपटला. “सात सीटची काळी गाडी, दारात ड्रायव्हर. उठायचं आन् बसायचं.”

स्वित्झर्लंडचे बारा दिवस ठरले होते, विमानाची तारीख ठरली होती. तिथं फिरायचं कशानं, यावर मात्र आठवडाभर रात्रीची जेवणं लांबत होती. सासूबाईंचे, म्हणजे आक्कांचे, गुडघे गाडीच्या बाजूनं होते. नणंद वर्षाराणी नवऱ्यासह येणार होती. तिच्या चार बॅगाही गाडीच्याच बाजूनं होत्या. रेल्वेच्या बाजूनं एकटी पूर्णिमा होती आणि तिला अजून कुणी विचारलं नव्हतं.

तिला ड्रायव्हर नको होता. कुठलाच.

नऊ वर्षं ती या घरात होती आणि नऊ वर्षं घरच्या ड्रायव्हरच्या, सर्जेरावच्या, मागच्या सीटवर. माणूस वाईट नव्हता. कधी वर मान करून बोलला नाही, कधी ब्रेक जोरात मारला नाही. पण ती रंकाळ्यावर भेळ खाऊन आली की रात्री सासरे, आकारामआबा, विचारायचे, “भेळ बरी हुती का, सूनबाई?” राजारामपुरीत मैत्रिणीकडं वीस मिनिटं जास्त बसली, तर ती वीस मिनिटं तिच्या आधी घरी पोचलेली असायची. एकदा ती विद्यापीठातून एम.ए.चा अर्ज घेऊन आली. तो पर्समधून काढायच्या आधीच आबा म्हणाले, “आता शिकून कुणाची नोकरी कराय जायचंय?”

आबा कधी ओरडत नसत. ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं.

तिला फार काही नको होतं. एक दिवस एकटीनं मधल्याच एखाद्या स्टेशनवर उतरायचं, बाकावर बसून कपभर कॉफी प्यायची आणि मागच्या गाडीनं सगळ्यांना गाठायचं. आयुष्यातला तेवढा अर्धा तास कुणालाच ठाऊक नसावा. या एवढ्याशा गोष्टीसाठी तिचा जीव कासावीस व्हायचा.

आबांपुढं हट्ट चालत नाही, हे ती कधीच शिकली होती. आबांपुढं आबांचीच भीती ठेवावी लागते.

“आबा, एक बोलू?” तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं.

“बोल की.”

“गाडी चांगलीच. पण तो ड्रायव्हर कोण, कुठला, काय पितो, आपल्याला काय माहीत? वन्सं आणि मी मागं बसणार. त्याची भाषा कळत नाही, रस्ते डोंगरातले. रेल्वेत निदान चार माणसं तरी असतात.”

आबांचा घास हातातच राहिला.

“सूनबाई खरं बोलती,” ते म्हणाले. “परक्या मानसाच्या हातात लेकीसुना द्यायच्या न्हाईत. बारा दिवस म्हंजे काय थोडं न्हवं.”

“आन् आक्काचं गुडघं?” विजयसिंहनं विचारलं.

“तिकडं ठेसनावर लिफ्ट असत्यात. रेल्वे म्हंजे रेल्वे. बाकीचं मी बघतो.”

पूर्णिमा स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर हसली.

मग दिवस भराभर गेले. तिनं फोनवर शोधून एक छोटंसं स्टेशन नक्की केलं. समोर तळं, फलाटावर हिरवा बाक. तिसऱ्या दिवशी गाडी तिथं चार मिनिटं थांबणार होती. तो फोटो ती रोज एकदा उघडून बघायची आणि पटकन बंद करायची.

सर्जेराव एका सकाळी उशिरा आला. पोलीस ठाण्यात एका सहीचं काम होतं म्हणाला. त्याचं गाव राधानगरीकडं, भावकीत भांडणं. तिला त्यात नवल वाटलं नाही. व्हिसासाठी सगळे पुण्याला गेले, तेव्हा फाइली घेऊन तो आतपर्यंत आला. आबांच्या फाइली सगळीकडं तोच धरायचा.

त्याला तिकडचं कौतुक मात्र भारी.

“वहिनीसाहेब, थंडी लई असती का वो तिकडं?” तो आरशात न बघता विचारायचा. “रेल्वेत डबा उघडला तर चालतो का?”

पूर्णिमा सगळं सांगायची. सुटका जवळ आली की माणूस उदार होतो. आपण जाणार आणि हा बिचारा रिकाम्या गाडीला फडकं मारत बसणार, असं वाटून तिला त्याची दया आली. विजयसिंहचा जुना लोकरीचा कोट तिनं कपाटातून काढून त्याला दिला.

सर्जेरावनं तो दोन्ही हातांनी घेतला. “लई उपकार झालं. ह्याचीच काळजी हुती.”

निघायची सकाळ उजाडली. मे महिना, आठ वाजताच अंग घामेजलेलं. बॅगा फार, म्हणून मुंबई विमानतळापर्यंत भाड्याची मोठी गाडी बोलावली होती. स्वयंपाकाच्या अंबूबाईंनी दारात सगळ्यांना ओवाळलं, नारळ फुटला. सर्जेराव बॅगा चढवत होता आणि एवढ्या उन्हात अंगात तो लोकरीचा कोट. वर्षाराणी तोंडावर हात ठेवून हसली. पूर्णिमाला मात्र भरून आलं. नऊ वर्षांचा राग त्या क्षणी कुठल्या कुठं गेला.

ती मुद्दाम त्याच्यापाशी गेली. “येते, सर्जेराव. बारा दिवस तुम्हीपण जरा विश्रांती घ्या.”

सर्जेराव गोंधळला. मग कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं नवाकोरा पासपोर्ट काढला आणि तिच्यापुढं धरला.

“इश्रांती कसली, वहिनीसाहेब? परका मानूस नको, असं तुम्हीच आबासायबांस्नी सांगितलंसा न्हवं? त्येंनी रेल्वेत सगळीकडं तुमच्या शेजारचीच सीट काढलीया माझी.”