आलं का चित्र?

केबलवाल्याला रामराम ठोकून आम्ही माळ्यावरची जुनी अँटेना काढली. तिचा वाकलेला दांडा सरळ करायला हे ती घेऊन वेल्डरकडे गेले.

थोड्या वेळानं गच्चीवरून यांची हाक आली. "आलं का चित्र?"

परस्पर वरच गेले वाटतं! मी टीव्ही लावला. "मुंग्याच आहेत. जरा डावीकडे फिरवा!"

"आता?"

बातम्यांतल्या बाईंच्या कानातली कुडी लखलखली. केबलवर असं कधी दिसलं नव्हतं. मी टाळ्याच पिटल्या. "आलं, आलं! तस्संच धरून ठेवा!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात हे, काखेत अँटेना. "केवढी गर्दी तिथे! चल, आता चढतो वर."

टीव्ही झकास चालला होता.

"अगं, किती वेळ धरू?" गच्चीवरून यांचाच आवाज आला. "हात भरून आले."