वेगळे बारा

“अमरावतीले कपायची टंचाई पडली का, मॅडम?” बुधाजींनी दारातच विचारलं.

प्रणाली हसली नाही. पाच महिन्यांत तिने अकोला जिल्ह्यातली सतरा घरं पालथी घातली होती. अकोटमधलं हे अठरावं. अकरा कप कॉलेजात येऊन पडले होते. बारावा या म्हाताऱ्याकडे आहे, असं तिला कळलं होतं. सोमवारी प्रदर्शन होतं, आणि अपुरा संच मांडायचा नाही, हे तिचं पक्कं होतं.

बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवरून बुधाजींनी कप काढला. पांढरा, जाड, चिनी मातीचा. त्याला कान नव्हता. तुटला नव्हता, मुळात लावलाच नव्हता.

सात वर्षं ती अमरावतीच्या डिझाइन कॉलेजात हाच कप शिकवत होती. अकोल्याच्या एका बंद कारखान्यात तिला त्याचा १९५८ सालचा आराखडा सापडला होता, अकोटच्या एका हॉटेलासाठी केलेला. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं : कप ७२, वेगळे १२. सही नव्हती. सगळीकडे फुलाफुलांचे, नाजूक कानांचे कप चालत, त्या काळात कुणीतरी कानच काढून टाकला होता. आणि आपण वेगळं काही करतोय, हे त्याला ठाऊक होतं. त्या माणसाचं नाव तिला कपांशेजारच्या पाटीवर हवं होतं.

“तुम्ही त्या हॉटेलात कामाला होता?”

“नाही. गिऱ्हाईक. रोज एक चहा, याच कपात. पिऊन झाला का मीच धुवो, मीच जागेवर ठेवो.”

गिऱ्हाईक स्वतः कप धुतं, इतका जीव. प्रणालीने ते वहीत टिपलं.

“मग घरी कसा आला?”

“एक दिवस घेऊन आलो. मालक काही बोलला नाही. त्याले त्याचं काय करायचं होतं?”

“हा घडवला कुणी?”

“हात कारखान्यातल्या मानसाचा. डोकं हाटेलमालकाचं. नत्थुजी.”

पाच महिने ज्यासाठी वणवण केली, ते नाव तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

“पोरायले काय शिकवता यावर?” बुधाजींनी विचारलं.

“परीक्षेत दरवर्षी एक प्रश्न असतो. या कपाला कान का नाही? कुणी लिहितं, एकावर एक रचता यावेत म्हणून. कुणी लिहितं, दोन्ही हातांना ऊब मिळावी म्हणून. पूर्ण गुण मी एकाच उत्तराला देते. बनवणाऱ्याने आधी पिणाऱ्याचा विचार केला.”

“देत जा गुन,” बुधाजी म्हणाले. “पिनाऱ्याचाच केला होता.”

त्यांनी कप जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिला.

“न्या. पन पाटीवर नाव लिवसान, तं कान काहून नाही तेही लिवजा.”

“सांगा ना,” ती पेन उघडत म्हणाली.

“कानाचे कप आत, बाकीच्या लोकायचे. हे बारा बाहेरच्या खिडकीत, आमच्या वस्तीचे. नुसता हात लागला तरी नत्थुजीले समजलं पायजे, का हा बाटलेला.”