नाचणीच्या अकरा जाती

भरत सर जुन्नरच्या कॉलेजात शिकवायचे. तीन वर्षं तळेघरच्या वाड्यावस्त्या पायी फिरून त्यांनी नाचणीच्या अकरा जुन्या जाती शोधल्या. २००३ साली पुढच्या संशोधनासाठी त्यांनी दिल्लीच्या निधी संस्थेकडे या अकराही नावांसह प्रस्ताव धाडला. 'अर्जदाराची क्षमता अपुरी' असा तज्ज्ञाचा शेरा घेऊन तो परत आला.

वर्षभराने तळेघरच्या सरूबाईंच्या दारात जीप थांबली. "आजी, मला दिल्लीहून निधी मिळालाय. या जातींचं बियाणं दाखवा," म्हणत एका मोठ्या शास्त्रज्ञाने अकराही नावं वाचली.

"ही नावं तुला कुणी सांगितली?"

"माझाच अभ्यास आहे."

सरूबाई पचकन थुंकल्या.



"शेवटी वाचलीस ना, ती 'स्नेहल'? त्या नाचणीला नावच न्हवतं. भरत सरांच्या लेकीचं नाव मीच दिलं व्हतं तिला."